सखीची जागा: लघुचित्रांतील प्रेम आणि भक्ती

(ठाणे जिल्ह्यातील डोळखांब येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



 

आपल्या देशातील लघुचित्रकलेत भगवत्प्रेमाचे आणि भक्तीचे जे रूप प्रकटले, त्याविषयी मला बोलावयाचे आहे. राजस्थानच्या राजवाड्यांत आणि हिमालयाच्या पायथ्याशी वसलेल्या लहानलहान संस्थानांत फुललेल्या या नाजूक कलेशी सह्याद्रीच्या कुशीतल्या, भातशेतीवर जगणाऱ्या या डोळखांबच्या मुलखाचा संबंध काय, अशी शंका आपल्यापैकी कोणाच्या मनात आली असेल तर ती अगदी स्वाभाविक आहे. परंतु संबंध आहे, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. आसनगावाहून इकडे येणाऱ्याला माहुली किल्ल्याचे सुळके दिसतात. 1636 साली याच किल्ल्यावर मोगल आणि आदिलशाही फौजांच्या वेढ्यात सापडलेल्या शहाजीराजांना बाल निजामशहा शत्रूच्या हवाली करावा लागला आणि अहमदनगरची निजामशाही कायमची बुडाली. शाळेच्या इतिहासात ही घटना एका राजकीय अंमलाचा अंत म्हणून आपण वाचतो आणि पुढे जातो. त्याच निजामशाहीच्या भरभराटीच्या दिवसांत, सोळाव्या शतकात, मिथिलेकडचा भानुदत्त नावाचा एक संस्कृत कवी निजामाच्या आश्रयाला होता असे अभ्यासक मानतात, आणि त्याच्या श्लोकांत निजामाची स्तुती आढळते. या भानुदत्ताने ‘रसमंजरी’ नावाचा ग्रंथ लिहिला. पुढे शेदीडशे वर्षांत या ग्रंथावर जी चित्रे निघाली त्यांत हिंदुस्थानातल्या अत्यंत तेजस्वी लघुचित्रांची गणना होते.

निजामशाही दरबाराला चित्रांचे आणि शृंगाराचे वावडे नव्हते. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ नावाची फारसी पोथी जपून ठेवलेली आहे. हुसेन निजामशहाची आणि 1565 च्या तालिकोट लढाईतील विजयाची ती प्रशस्ती आहे. तिच्यात राजाराणीच्या प्रेमाची चित्रे आहेत, आणि तरुणीच्या स्पर्शाने झाड फुलून यावे या आपल्या प्राचीन दोहदकल्पनेचे एक अपूर्व चित्रही आहे. या पोथीतील बहुतेक चित्रांतून राणीची आकृती पुढे कोणीतरी पुसून टाकली. राजकारणातल्या रागाने कागदावरच्या प्रेमावरही हात टाकावा याची खंत ती पाने पाहताना वाटल्यावाचून राहत नाही.

आता ‘रसमंजरी’ म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. हा नायकनायिकांच्या भेदांचा ग्रंथ आहे. स्वीया, परकीया, सामान्या. मुग्धा, मध्या, प्रगल्भा. वाट पाहणारी वासकसज्जा, फसवली गेलेली विप्रलब्धा, भांडून पस्तावलेली कलहांतरिता, अंधारात प्रियाकडे निघालेली अभिसारिका, अशा एकेका अवस्थेची व्याख्या करून कवी तिच्या उदाहरणादाखल एकेक श्लोक रचतो. ग्रंथाचा साचा शास्त्राचा आहे, भक्तीचा नाही. मंगलाचरण अर्धनारीनटेश्वराचे आहे, आणि पुढच्या श्लोकांतला नायक हा बहुतेक ठिकाणी कोणीही पुरुष आहे. कृष्णाचे नाव क्वचित येते.

ही पोथी कुठकुठे फिरली पाहा. निजामशाही बुडाल्यानंतर अवघ्या चौदा वर्षांनी, 1650 साली, मोगलांचे दक्षिणेतील मुख्य ठाणे असलेल्या औरंगाबादेत ‘रसमंजरी’ची एक सचित्र प्रत तयार झाली. सरयू दोशी यांनी ती अभ्यासकांच्या नजरेस आणली. मोगलांच्या चाकरीत दक्षिणेत आलेल्या रजपूत सरदारांबरोबर त्यांच्या आवडीनिवडी आणि त्यांचे चित्रकारही आले होते, आणि गोदावरीच्या खोऱ्यात बसून मेवाडी वळणाची चित्रे काढली जात होती. यानंतर दहावीस वर्षांच्या आतच हाच ग्रंथ रावी नदीच्या काठच्या बसोहली संस्थानात पोहोचलेला दिसतो, आणि तिथे सुमारे 1660 ते 1670 या दरम्यान त्याची जी चित्रमालिका झाली ती पहाडी चित्रकलेच्या आरंभकाळातील सर्वश्रेष्ठ कृती समजली जाते. काही जाणकार ती नूरपूरच्या कृपाल नावाच्या चित्रकाराकडे देतात.

या मालिकेत चित्रकाराने एक अशी गोष्ट केली की जी ग्रंथकाराने सांगितलेली नव्हती. भानुदत्ताचा जो कोणीही पुरुष, तो त्याने कृष्ण केला. श्लोकात नाव नसले तरी पानावर नायक निळा आहे, पीतांबर नेसलेला आहे, मस्तकावर मुकुट आणि त्यात कमळे आहेत. एका रंगाच्या बळावर अलंकारशास्त्राचा ग्रंथ भागवताच्या दाराशी येऊन उभा राहिला. मला या घटनेचे महत्त्व फार वाटते. काव्यातून चित्र उतरते, कवी आधी आणि चित्रकार मागून, असा आपला समज असतो, आणि बहुतेक वेळा तो खराही असतो. येथे मात्र भक्ती पोथीत नव्हती. ती कुंचल्याने आणली.

असे एक पान आपण डोळ्यांसमोर आणू या. कागद आडवा आहे, फूटभराहून फारसा लांब नाही. भोवती तांबडा हाशिया. पार्श्वभूमी सबंध पिवळी, उन्हाळ्याच्या दुपारची धग असावी अशी पिवळी, आणि आकाश म्हणाल तर अगदी वरच्या कडेला बोटभर पांढुरकी निळी पट्टी. एका बाजूला लहानशी माडी, तिला नक्षीचे खांब, कोनाड्यांत सुरया, दाराशी गुंडाळलेला पडदा. आत नायिका बसलेली. तिचा डोळा कमळाच्या पाकळीसारखा कानाकडे ओढत गेलेला आणि इतका मोठा की चेहऱ्याचे सारे व्यापार त्याच्याच स्वाधीन झालेले. गळ्यातले मोती नुसते रंगवलेले नाहीत. पांढऱ्या रंगाचे दाट थेंब एकावर एक ठेवून ते उठावाचे केलेले आहेत, बोट फिरवले तर हाताला लागतील असे. आणि दागिन्यांतले पाचू? ते रंगाचे नाहीतच. एका किड्याच्या हिरव्या, चकाकणाऱ्या पंखांचे तुकडे बारीक कातरून त्या जागी चिकटवलेले आहेत. पान जरा कलते केले की प्रकाश त्यांच्यावरून सरकतो. माडीच्या बाहेर, गोल पानांच्या झाडाखाली कृष्ण उभा आहे. आणि या दोघांच्या मधे, एक हात उचलून काही सांगत असलेली, एक तिसरी स्त्री आहे.

ती सखी. आजच्या माझ्या सबंध बोलण्याचा रोख या सखीकडे आहे.

पण तिच्याकडे जाण्यापूर्वी चित्र कसे घडे आणि कसे पाहिले जाई हे सांगणे आवश्यक आहे, कारण भक्तीचा संबंध या दोहोंशी आहे. कागदाचे अनेक थर खळीने चिकटवून जाड ‘वसली’ करीत. तिच्यावर कोळशाने किंवा पातळ तांबड्या रेषेने खाका काढीत. एखादी आकृती पुन्हा हवी असल्यास पारदर्शक चामड्यावर तिचा चरबा घेऊन, त्याला टोचे पाडून, कोळशाची पूड झाडीत. त्यावर सफेद्याचा पातळ हात देऊन रंग भरायला घेत: हिंगूळ, हरताळ, पेवडी, नीळ, जंगाल, काजळ, आणि शेवटी सोन्याचा वर्ख. प्रत्येक थर वाळला की पान पालथे घालून पाठीमागून गुळगुळीत अकिकाने घोटीत, म्हणजे रंग कागदाशी एकजीव होऊन त्याला मुलायम तकाकी येई. कुंचला खारीच्या शेपटीच्या केसांचा. शेवटचे काम पापण्यांचे आणि बाहुलीचे. डोळा उघडला की चित्र पुरे झाले. देवाच्या मूर्तीत प्राण आणण्याचा विधीही डोळ्यापाशीच येऊन थांबतो, हे इथल्या मंडळींना सांगायला नको.

असे घडलेले चित्र भिंतीवर टांगीत नसत. ते वेष्टनात गुंडाळून, पेटीत घालून ठेवीत, आणि काढले की हातात धरून पाहत. एकजण पाहून झाले की शेजारच्याकडे देई. पानाच्या पाठीवर श्लोक लिहिलेला असे, तो वाचायचा आणि पान उलटून पुन्हा चित्र पाहायचे. एका वेळी दोन किंवा तीन माणसे, याहून मोठा समाज त्या चित्राभोवती जमू शकत नाही. आपले कीर्तन ही हजारोंनी एकत्र येऊन करायची भक्ती आहे. लघुचित्राची भक्ती हात दीड हात अंतरावरून, श्वास आवरून करायची आहे. आणि इतक्या जवळ गेलेल्या माणसाला चित्राने कुठे उभे करायचे, हा चित्रकारापुढचा खरा प्रश्न होता.

पाहणाऱ्याने नायक व्हावे काय? ते शक्य नाही, कारण नायक कृष्ण आहे. नायिका व्हावे काय? पुष्कळ भक्तांनी तसे म्हटले आहे, पण ती वाट थोरांची आहे. सामान्य पाहणाऱ्यासाठी चित्रकाराने सखीची जागा राखून ठेवली. सखीला दोघांच्याही मनातले कळते. तिला स्वतःसाठी काही नको आहे, पण या दोघांच्या भेटीवाचून तिला चैन पडत नाही. ती निरोप नेते, रुसवे काढते, दिवा लावते, फुले अंथरते, आणि भेट झाली की दाराबाहेर येऊन उभी राहते. भानुदत्ताचे कितीतरी श्लोक सखीच्या तोंडी आहेत किंवा सखीला उद्देशून आहेत. पानाच्या पाठीवरचा श्लोक वाचताना वाचणाऱ्याच्या तोंडी तिचेच शब्द येतात, आणि पान उलटले की तिने पाहिलेले तोच पाहतो. त्या हातभर कागदावर भक्ती घडते ती अशी.

या मालिकेनंतर तीसेक वर्षांनी, 1694-95 साली, बसोहलीचा राजा किरपाल पाल याच्या दरबारी देवीदास नावाच्या चितेऱ्याने ‘रसमंजरी’ पुन्हा चितारली. त्याच्या चित्रांतून कृष्ण गेला. नायक पुन्हा जामा आणि पागोटे घातलेला एखादा राजबिंडा पुरुष झाला. याचा अर्थ भक्ती ओसरली आणि दरबारी विलास उरला, असा काही अभ्यासकांचा सूर असतो. मला तो अर्थ पटत नाही. देवीदासाच्या पानांवर निळा रंग नसला तरी सखी तिथेच आहे, तिचा उचललेला हात तसाच आहे, आणि पाहणाऱ्याला मिळालेली जागा एका तसूनेही हललेली नाही. ज्याला ती जागा पहिल्या मालिकेने शिकवली, तो दुसऱ्या मालिकेतल्या पागोटेवाल्यापाशीही त्याच भावाने उभा राहील. किंबहुना शृंगार आणि भक्ती यांच्यामधे भिंत उभी करून ‘हे चित्र कोणत्या बाजूचे’ असे विचारणे हीच पाहण्याची चुकीची रीत आहे. आपल्याकडे या चित्रांविषयी दोन प्रकारचे संकोच आढळतात. कोणी म्हणतो, हे नुसते दरबारी चाळे, देवाचे नाव घेऊन केलेले. दुसरा घाईघाईने समर्थन करतो की राधा म्हणजे जीवात्मा, कृष्ण म्हणजे परमात्मा, तेव्हा चित्रातल्या शय्येकडे आणि सुटलेल्या वेणीकडे पाहूच नये, नुसता अर्थ घ्यावा. हे दुसरे समर्थन मला पहिल्या आक्षेपाइतकेच अन्यायाचे वाटते. चित्रकाराने ती वेणी केस न् केस रंगवली आहे. ती पाहू नये म्हणून त्याने डोळे शिणवले नव्हते.

याच परंपरेत पुढे चितारले गेलेले थोर काव्य म्हणजे जयदेवाचा ‘गीतगोविंद’. बाराव्या शतकात वंगदेशी लक्ष्मणसेनाच्या काळी रचलेल्या या बारा सर्गांच्या काव्यात बोलणारी माणसे तीनच: राधा, कृष्ण आणि सखी. यमुनेकाठचे लतामंडप आणि त्या मंडपांमधली वाट, एवढ्यावर सारे काव्य चालते, आणि त्या वाटेवरून सारखी येजा करणारी एकटी सखी आहे. 1730 साली गुलेरच्या मानकूने या काव्याची दीडशेच्या आसपास चित्रे केली. त्यांची काही पाने फाळणीनंतरच्या वाटणीत लाहोरला राहिली, काही चंदीगडला आली. राधेचा विरह असा दोन देशांच्या सरकारांत वाटला गेला. 1775 च्या सुमारास मानकूच्या आणि त्याचा धाकटा भाऊ नैनसुख याच्या मुलांच्या पिढीने हेच काव्य पुन्हा घेतले. तोवर बसोहलीची धगधगती पिवळी भुई जाऊन तिथे खरी झाडे, खरे नदीकाठ, ओलसर हिरवळ आणि चांदणे आले होते, आणि रेषा इतकी मवाळ झाली होती की राधेच्या ओढणीचा काठ कुठे संपतो आणि वारा कुठे सुरू होतो हे सांगता येऊ नये. जाणकार या दुसऱ्या ‘गीतगोविंदा’ला मुकुट देतात. माझे मन मानकूकडे ओढ घेते. त्याच्या झाडांना काव्याचे ऐकू येते.

नैनसुखाविषयी एक हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. या चित्रकारांची घराणी कोणती, कोण कोणाचा मुलगा, हे दरबारच्या कागदांत फारसे लिहिलेले नव्हते. कलेतिहासकार ब्रिजिंदरनाथ गोस्वामी यांनी हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या तपासल्या. आपण त्र्यंबकेश्वरी किंवा नाशकास गेलो म्हणजे तीर्थोपाध्याय आपल्या आजापणजाच्या सह्या दाखवतात, तसेच हे दफ्तर. त्यातून गुलेरच्या पंडित सेऊचे सारे घराणे उलगडले, आणि शैली दरबाराची नसून घराण्याची असते हा सिद्धांत त्यांनी 1968 साली मांडला. त्या वह्यांत 1763 साली खुद्द नैनसुखाने आपल्या हाताने नोंद केलेली सापडली. आपला धनी, जसरोट्याचा बलवंतसिंह, याच्या अस्थी घेऊन तो गंगेवर गेला होता. नोंदीबरोबर त्याने त्या वहीत गंगावतरणाचे चित्रही रेखाटून ठेवले. ना त्याला तिथे राजाश्रय होता, ना मोबदला. पंड्याची वही कोण पाहणार होते? जन्मभर धन्याची चित्रे काढलेल्या माणसाने त्याचा शेवटचा प्रवासही पोहोचता केला आणि त्याची साक्ष म्हणून रेषा ठेवली. सखीची जागा चित्राबाहेर कशी असते ते मला या नोंदीत दिसते.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्रात विठ्ठलभक्तीचा एवढा महासागर उसळला असताना त्याभोवती लघुचित्रांची अशी परंपरा का उभी राहिली नाही? राजाश्रय खंडित होता, वारकरी गरीब होता, ही कारणे आहेतच. पण आणखी एक कारण मला दिसते. उत्तरेकडच्या चित्रकारांनी भागवतातला दशमस्कंध, म्हणजे कृष्णाच्या लीला, हाती घेतला. एकनाथांनी 1573 साली काशीत जो ग्रंथ पुरा केला तो एकादशस्कंधावर, म्हणजे उद्धवाला केलेल्या उपदेशावर. आपल्या भक्तीने शिकवण आणि नाम यांना मध्यभागी ठेवले, आणि लीला गौळणीत गायली. श्रीधरस्वामींचा 1702 चा ‘हरिविजय’ दशमस्कंधाच्याच वाटेने जातो आणि चातुर्मासात आपल्या घराघरांत त्याचे वाचन चालते हे खरे, पण तोही ऐकायचा ग्रंथ राहिला. आमचा कृष्ण कानावाटे आत आला.

तरीही सखीची जागा आपल्याकडे रिकामी नव्हती. ज्ञानदेवांच्या विरहिण्या आणि नाथांच्या गौळणी गाताना दाढीमिशांचा, दिवसभर नांगर धरलेला माणूस गोपी होऊन गातो, आणि ऐकणाऱ्यांना त्यात काहीच विपरीत वाटत नाही. त्याने गायिलेली तक्रार बहुधा सखीला किंवा यशोदेला उद्देशून असते. पहाडी चितेऱ्याने अभिसारिका रंगवली ती काळ्याकुट्ट रात्री, विजांच्या उजेडात, पायांशी साप, झाडांआड भुते, पैंजण निसटून चिखलात पडलेले, आणि तिची नजर मात्र सरळ पुढे. आषाढात भातसेच्या खोऱ्यात पाऊस कसा कोसळतो आणि रात्रीची पायवाट कशी नाहीशी होते हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ते चित्र कोणी समजावून द्यावे लागणार नाही.

शिवाय आपली एक नायिका या चित्रांत आहे, आणि तिचा आपल्याला अनेकदा विसर पडतो. रुक्मिणी विदर्भाची. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी कौंडिण्यपूर आहे, आणि तिथून तिची पालखी आजही आषाढीला पंढरीस जाते. पहाडी चित्रशाळांत रुक्मिणीहरणाच्या मालिका चितारल्या गेल्या. त्यांतली रुक्मिणी पहाडी पेशवाज नेसते, तिच्या कौंडिण्यपुरामागे हिमालयाच्या टेकड्या दिसतात, आणि तरीही ती आपलीच आहे. या कथेत सखीची जागा एका वृद्ध ब्राह्मणाला मिळाली आहे. तो रुक्मिणीचे पत्र उपरण्यात जपून द्वारकेला नेतो. दोन प्रेमी जीवांमधे धावणाऱ्या या तिसऱ्या माणसावर आपल्या कवींचेही मोठे प्रेम होते. नाथांचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ 1571 चे. लग्न जमावे म्हणून मुली अजूनही त्याचे पारायण करतात. त्याच्याही तीनशे वर्षे आधी महानुभाव पंथाच्या महदाइसेने रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगी कृष्णरुक्मिणीच्या लग्नाचे धवळे रचून गायिले. ते मराठीतल्या आद्य कवयित्रीचे काव्य होय.

धवळे म्हटले की या भागातल्या बायाबापड्यांना निराळे काही सांगावे लागत नाही. आगरी-कोळ्यांच्या लग्नांत धवलारीण गाते, आणि 2014 पर्यंत याच ठाणे जिल्ह्यात असलेल्या जव्हार-डहाणूकडच्या वारली पाड्यांवर धवलेरी लग्न लावते. तिथे सुवासिनी गेरूने आणि शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहितात. त्या ‘लिहितात’च म्हणतात. चौकात पालघट देवी असते, आणि ती आल्यावाचून लग्न लागत नाही. वसलीवरच्या सोन्याच्या वर्खाची आणि या पिठाच्या रेषेची जात वेगळी, कुळ वेगळे, देवही वेगळा. पण दोन जीवांच्या मीलनाला साक्षी हवी, ती रेषेने करावी आणि गाण्याने जागवावी, ही समजूत दोहोंकडे आहे. बसोहलीच्या राजाला ती जितकी कळली होती तितकीच पाड्यावरच्या सुवासिनीला कळते, असे माझे ठाम मत आहे, आणि कलेच्या इतिहासाच्या पुस्तकांत या दोघांना वेगवेगळ्या खंडांत घालण्याची जी वहिवाट पडली आहे ती मोडावी असे मला मनापासून वाटते.

मराठी मुलखातली दुसरी चित्रपरंपरा पिंगुळीच्या चित्रकथींची. कुडाळजवळच्या या गावातले ठाकर समाजाचे कलावंत सावंतवाडी संस्थानच्या आश्रयाने ही विद्या सांभाळत आले. एका कथेची तीसपन्नास पाने, दोन दोन पाने पाठीला पाठ लावून चिकटवलेली, आणि ती एकेक करून दाखवीत तुणतुणे, हुडूक आणि टाळ यांच्या साथीने रात्री देवळात आख्यान लावायचे. 2021 साली परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली, त्या निमित्ताने शहरांतल्या लोकांनीही ही पाने पाहिली. इथे चित्र एकट्याच्या हातात राहत नाही. ते गाणाऱ्याच्या हातात असते आणि गाव ते पाहतो. सखीचे काम येथे चित्रकथीने स्वतःकडे घेतले आहे.

शेवटचा विषय आपल्या दाराशी आहे. डोळखांबहून पुढे डेहण्याच्या माथ्यावर आजोबाचा डोंगर उभा आहे. तिथे वाल्मीकींचा आश्रम होता, सीतामाई तिथे राहिली, लवकुश तिथे वाढले, आणि कड्यातल्या एका कपारीत त्यांचा पाळणा होता, अशी या पंचक्रोशीची श्रद्धा आहे. मेवाडचा महाराणा पहिला जगतसिंह याने याच वाल्मीकींच्या रामायणाची एक सचित्र प्रत करविली. तिचे काम 1649 ते 1653 या काळात झाले, आणि त्यात चारशेहून अधिक चित्रे आहेत. मजकूर महात्मा हीरानंदाने लिहिला. बालकांड मनोहर या चित्रकाराचे आहे. युद्धकांड साहिबदीनचे, आणि साहिबदीन मुसलमान होता. त्याने त्यापूर्वी ‘गीतगोविंद’ही चितारला होता. पुढे या पोथीची फाटाफूट झाली. काही कांडे कर्नल टॉड या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हाती लागून विलायतेस गेली, ती आज लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात आहेत, आणि उत्तरकांड त्यांतच आहे. बालकांडाचा मोठा भाग मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. याच संग्रहालयाचे मोतीचंद्र यांनी 1957 साली मेवाडी चित्रांवर आणि संग्रहालयाशी निकट संबंध असलेल्या कार्ल खंडालवाला यांनी 1958 साली पहाडी चित्रांवर ग्रंथ लिहिले, हेही येथे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

बालकांडाच्या आरंभीच्या सर्गांत काय आहे? तमसेच्या तीरावर क्रौंचपक्ष्यांचे एक जोडपे रममाण झालेले आहे, निषादाच्या बाणाने त्यातला नर पडतो, मादी आक्रोश करते, आणि हे सारे पाहणारा एक तिसरा तिथे उभा आहे. तो वाल्मीकी. त्या प्रेमात त्याचा काही भाग नव्हता, पण ते त्याने पाहिले आणि ते तुटलेले त्याला सोसवले नाही. पुढे ज्या दोन मुलांना त्याने वाढवले त्यांच्या तोंडून त्याने रामाला सीतेची कथा ऐकवली. नवराबायकोची भेट व्हावी म्हणून म्हाताऱ्या ऋषीने केलेले हे दूतीचे काम आहे, आणि आजोबाच्या डोंगराला आजोबा म्हणणाऱ्या लोकांना त्यातली माया माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

2014 साली मुंबई आणि लंडन येथील दोन्ही संस्थांनी ही विखुरलेली पाने संगणकाच्या पडद्यावर एकत्र आणली. आज या परिसरातल्या शाळांत संगणक आले आहेत. तेव्हा येथील शिक्षकबंधूंना माझी एवढीच विनंती आहे की, त्यांनी एकदा उत्तरकांडातली वाल्मीकींच्या आश्रमाची पाने काढून डेहण्याच्या, गुंड्याच्या आणि डोळखांबच्या मुलांना सावकाश दाखवावीत, मेवाडच्या चितेऱ्याने न पाहिलेला त्यांचा डोंगर त्या मुलांना आपापल्या हाताने काढू द्यावा, आणि शक्य होईल तेव्हा एक गाडी करून त्यांना मुंबईस नेऊन मनोहरचे बालकांड त्यांच्या डोळ्यांनी पाहू द्यावे.